पेन्शनीनंतरची हजेरी

खडकी बाजारात आमचे घर होते तेव्हा सकाळी घड्याळाकडे कोणी फारसे बघत नसे. कारखान्याचा पहिला भोंगा झाला की चुलीवर चहा चढायचा आणि दुसरा झाला की आम्ही मुले दप्तर शोधायला लागायचो. दोन भोंग्यांच्या मधे रस्त्याने सायकलींचा लोंढा जायचा. प्रत्येक हँडलला जेवणाचा डबा लटकलेला आणि खिशात कारखान्याचा बिल्ला. त्या लोंढ्यात आमच्या शेजारचे हवालदारही असत. सातारा जिल्ह्यातले हे गृहस्थ खरे म्हणजे तेव्हा हवालदार राहिले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात भरती झाले, तोफखान्यात नोकरी केली, १९६० च्या सुमारास पेन्शन घेतली आणि खडकीतल्याच एका संरक्षण कारखान्यात कोठारावर कामगार म्हणून लागले. पण आळीत त्यांना सगळे हवालदारच म्हणत. त्यांचे खरे नाव मला पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर वाचायला मिळाले.

त्यांचे काम काय, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, पेट्या मोजतो. मला ते फारच मिळमिळीत वाटले. ज्या माणसाने तोफा डागल्या त्याने पेट्या मोजाव्यात! मग त्यांनी समजावून सांगितले ते अजून लक्षात आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक खेपेला एक क्रमांक असतो. त्याला ते 'लॉट नंबर' म्हणत. तो पेटीवर असतो, कागदावर असतो आणि खुद्द मालावरही असतो. आघाडीवर एखादे काडतूस दगा देते, तेव्हा तिथला जवान तो क्रमांक कळवतो आणि त्या खेपेचा सगळा माल बाजूला काढला जातो. पेटीवर एक नंबर आणि कागदावर दुसरा असे झाले, तर हे सगळे गाडे अडते. "आम्ही तिकडे होतो तेव्हा इकडे कोण मोजतंय ते माहीत नव्हतं," ते म्हणत. "आता मी मोजतोय, म्हणून झोप लागते."

त्यांच्या हुद्द्याची गोष्ट मात्र वेगळी होती. पलटणीत त्यांच्या हाताखाली माणसे होती. कारखान्यात त्यांच्यावर जो सुपरवायझर होता तो पंचविशीतला, नुकताच डिप्लोमा घेऊन आलेला मुलगा. पहिल्या दिवशी तो खोलीत शिरला तेव्हा हवालदार सवयीने खाडकन सावधान झाले, आणि बाकीचे कामगार हसले. हे सांगताना ते स्वतःही हसायचे. त्यांची बायको मात्र हसत नसे.

शिपाईगिरी संपल्यावर पुन्हा लष्कराच्याच आसपास, पण साध्या कपड्यांत, दुसरी नोकरी करणाऱ्या या माणसांचा इतिहास आपल्याकडे कोणी सलग लिहिलेला नाही. लढायांचा इतिहास आहे, पलटणींचा आहे, सेनापतींची चरित्रे आहेत. पण माणूस पलटणीतून बाहेर पडला की इतिहासाच्या पुस्तकातूनही बाहेर पडतो. महाराष्ट्रात तर ही माणसे गावोगाव होती आणि आहेत. आज त्यांच्याचबद्दल थोडे बोलायचे आहे.

खडकीपासूनच सुरुवात करू. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. नंतर इंग्रजांची छावणी वसली, आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. छावणी आणि कारखाना शेजारी आले की त्यांच्याभोवती एक वेगळी वस्ती तयार होते. त्यात पेन्शनर असतात, त्यांची मुले असतात, छावणीला दूध, भाजी, कपडे पुरवणारे असतात. पुण्याच्या पेठांपेक्षा ही दुनिया निराळी. इथे मराठीत हिंदुस्थानी मिसळलेली, आणि जातीच्या बाबतीत पेठांइतका कडकपणा नसला तरी तो अगदीच नव्हता असेही नाही. गावात ज्याला विहिरीवर पाय ठेवू देत नसत, त्या महार समाजातल्या माणसाला खडकीच्या कारखान्यात आणि पुढे रेल्वेत काम मिळू शकले. हे काम मिळण्यामागे पुष्कळदा त्याच्या बापाची किंवा आजाची पलटणीतली नोकरी असे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांची संख्या चांगली मोठी होती. कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातून तर पिढ्यान् पिढ्या भरती होई. पेन्शन घेतल्यावर ही मंडळी जिथे जात त्यांतले एक ठिकाण म्हणजे दापोली. कंपनीच्या काळात तिथे छावणी होती, म्हणून अजूनही जुनी माणसे 'कॅम्प दापोली' असेच म्हणतात. छावणी गेली तरी पेन्शनर राहिले. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झालेले. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांची गणना होते. त्यांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. मला इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. लिहायला, अर्ज करायला, सरकारदरबारी कायद्याच्या भाषेत बोलायला ते फौजेत शिकले. फौजेत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. त्यामुळे दापोलीच्या पेन्शनरांच्या घरांत अक्षर होते. गावच्या शाळेत मात्र त्यांच्या मुलांना जागा नव्हती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या पेन्शनरांनी मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्जविनंत्या केल्या, भांडण वरपर्यंत नेले, आणि मुलांना बसायला मिळाले ते शाळेच्या ओसरीवर.

याच दापोलीत १८९४ च्या सुमारास एक सुभेदार आपला संसार घेऊन आले. रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगडजवळचे आंबवडे. वडील मालोजी फौजेत, सासरे फौजेत, आणि रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला जन्मला होता. या मुलाचे चरित्र आपल्याला पाठ असते, पण बापाच्या पेन्शनीनंतरच्या आयुष्याकडे आपण फारसे थांबून पाहत नाही. ते पाहण्यासारखे आहे.

रामजींनी पेन्शन घेतली तेव्हा त्यांच्या समाजाचा पलटणीचा दरवाजा नुकताच बंद झाला होता. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती' नावाची कल्पना फौजेत रुजली. उत्तरेकडचे शीख, गुरखे, पठाण हे लढवय्ये आणि बाकीचे नाहीत, असा सरळ हिशोब. त्या हिशोबात महारांची भरती १८९२ मध्ये थांबवण्यात आली. याविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली होती. गोपाळबाबांनीही अर्जाची खटपट केली. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज पाठवला, तो याच मागणीचा: आम्हाला फौजेत आणि पोलिसात घ्या. म्हणजे पेन्शनरांच्या या पिढीपुढे दोन प्रश्न एकदम उभे होते. स्वतःला दुसरी नोकरी कुठे मिळणार आणि मुलांना पहिली नोकरी कुठे मिळणार?

रामजी दापोलीला रमले नाहीत. ते साताऱ्याला गेले आणि त्यांना सरकारी बांधकाम खात्यात काम मिळाले. हे खाते आणि फौज यांचे नाते जुने आहे. पूर्वी रस्ते, पूल, कालवे हे सगळे 'मिलिटरी बोर्ड' नावाच्या मंडळाच्या ताब्यात होते. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ च्या सुमारास, ते मोडून सार्वजनिक बांधकाम खाते निघाले. बरेचसे इंजिनिअर लष्करी, कामाची शिस्त लष्करी, कोठाराच्या वह्या लष्करी धर्तीच्या. तेव्हा हिशोबाला चोख आणि हुकुमाला पक्का असा पेन्शनर सुभेदार या खात्याला हवाच असे. आज आपण ज्याला 'दुसरी कारकीर्द' म्हणतो ती अशा ओळखीच्या दरवाजातूनच सुरू होई.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. खटाव तालुक्यात एका तलावाचे काम चालू होते आणि रामजी तिथे कॅशियर होते. खड्डे खणणाऱ्या उपाशी माणसांच्या मजुरीचा पैसा त्यांच्या हातून जात होता. सरकारने त्यांच्यावर एवढा विश्वास टाकला होता, दिमतीला शिपाई दिला होता. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना सुट्टीत आपल्याकडे बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली. अंगात नवे सदरे, डोक्याला जरीच्या टोप्या, पायात नवे जोडे. सुभेदाराची मुले ती. संध्याकाळी मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कोणी नाही. येत असल्याचे पत्र शिपायाने रामजींना दिलेच नव्हते.

पुढचे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा बदलला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण कोणी न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, असे ठरले. रात्र झाली, बरोबर जेवण होते पण प्यायला पाणी नव्हते. नाक्यावर पाणी मिळावे म्हणून स्वतःला मुसलमान सांगायची पाळी आली, तरी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या बेताला ती पोरे बापाकडे पोचली.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, आणि ती अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. ती तशी आहेच. पण मला त्यात पेन्शनर सुभेदाराचीही गोष्ट दिसते. या माणसाने सरकारची नोकरी एकदा गणवेशात केली आणि दुसऱ्यांदा साध्या कपड्यांत. सरकारी तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला होती. पण तलावाच्या कामाची हद्द संपली की त्या किल्लीला किंमत नव्हती. पलटणीत हुद्दा चोवीस तास असतो, घरी, बाजारात, देवळाबाहेर, सगळीकडे तो माणसाच्या अंगावर असतो. नागरी नोकरीतला हुद्दा दहा ते पाच. उरलेल्या वेळात माणूस पुन्हा आपल्या जन्माच्या स्वाधीन. रामजींना हा फरक इतरांपेक्षा फार महागात पडला, एवढेच.

साताऱ्याहून हे कुटुंब १९०४ मध्ये मुंबईला परळला आले आणि २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी वारले. दुसरी नोकरीही संपल्यावरची त्यांची वर्षे पेन्शनीवर, मुलाच्या पुस्तकांसाठी पैशांची जुळवाजुळव करण्यात गेली.

पहिले महायुद्ध आले तेव्हा 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत थोडा बाजूला ठेवावा लागला. माणसे कमी पडत होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडलीही. त्याच १९१७ साली मुंबईत जखमी होऊन अपंगत्व आलेल्या शिपायांना धंदेशिक्षण देण्यासाठी 'क्वीन मेरीज टेक्निकल' ही संस्था सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीचा त्यात पुढाकार होता. पुढे ती खडकीला हलली आणि तिथेच राहिली. पाय गमावलेल्या माणसाला सुतारकाम, शिवणकाम, यंत्रावरचे काम शिकवून पोटापाण्याला लावायचे, ही कल्पना तोपर्यंत आपल्याकडे सरकारी पातळीवर फारशी नव्हती. १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' निघाले. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आजच्या सैनिक कल्याण कार्यालयांची मुळे त्या काळात आहेत. पण या सगळ्याचा भर कल्याणावर, म्हणजे अर्ज लिहून देणे, अडकलेली पेन्शन सोडवणे, मुलांना फीमाफी यांवर होता. नोकरी मिळवून देणारी यंत्रणा अजून नव्हती. ती यायला दुसरे महायुद्ध लागले.

१९३९ मध्ये हिंदी फौज सुमारे दोन लाखांची होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली, आणि सगळे स्वखुशीने भरती झालेले. त्यांत १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंटही होती. १८९२ चा बंद दरवाजा पुन्हा उघडण्यासाठी बाबासाहेबांनी जे प्रयत्न केले त्याचे ते फळ. १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या जागेवर राहिले.

मजूरखात्याकडे तेव्हा एक अवाढव्य काम होते, तांत्रिक शिक्षणाचे. फौजेला फिटर हवे, टर्नर हवे, वायरलेसवाले हवेत. दारूगोळ्याच्या कारखान्यांनाही तेच हवे. शेतावरची आणि शाळेतली पोरे उचलून काही महिन्यांत कारागीर बनवायची ही योजना युद्धकाळात जोरात चालली. काही जणांना तर विलायतेला पाठवून तिथल्या कारखान्यांत शिकवले. तिथले मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. युद्ध संपत आले तसे हे गाडे उलटे फिरवायची वेळ आली. आता शिपायाला कामगार करायचे होते.

जुलै १९४५ मध्ये मजूरखात्याच्या अखत्यारीत 'डायरेक्टोरेट जनरल ऑफ रिसेटलमेंट अँड एम्प्लॉयमेंट' हे संचालनालय सुरू झाले. पलटणीतून मोकळे होणारे शिपाई आणि युद्धाच्या कामावरून कमी होणारे कामगार, या दोघांना नोकरीला लावायचे हे त्याचे काम. गावोगाव 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' निघाली ती यातून. आपल्या पिढीने पदवी हातात पडल्यावर ज्या सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभे राहून कार्ड काढले, दर काही महिन्यांनी त्याचे नूतनीकरण केले, ते कार्यालय मुळात घरी परतणाऱ्या शिपायासाठी होते. सर्वसामान्य नागरिकांना त्याचे दार १९४८ मध्ये उघडले. तांत्रिक शिक्षणाच्या त्या योजनेतूनच पुढे १९५० पासून आय.टी.आय. वाढली.

साताऱ्याला दुसऱ्या नोकरीसाठी गेलेल्या पेन्शनर सुभेदाराचा मुलगा या खात्याचा मंत्री होता. योगायोगाला फार ताणू नये हे मला कळते. ही योजना साऱ्या सरकारची होती, विलायतेत आणि अमेरिकेतही तेव्हा सैनिकांच्या पुनर्वसनाचे असेच विचार चालू होते, आणि बाबासाहेबांनी वडिलांची आठवण ठेवून ती आखली असे म्हणायला काही आधार नाही. पण पेन्शनर शिपायाच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे त्या मंडळात त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल असे मला वाटत नाही.

कामाचा आवाका मात्र सरकारच्या हाताबाहेरचा होता. मोकळे होणारे लाखांनी आणि नोकऱ्या हजारांनी. युद्ध थांबल्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यांतलेच काम उतरणीला लागले होते, तिथे नवे शिपाई कुठे घेणार? १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड पुकारले. त्याची कारणे आपण वाचतो ती निकृष्ट जेवणाची, अपमानास्पद वागणुकीची आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडण्याची. खलाशांच्या मागण्यांच्या यादीत आणखीही एक मागणी होती: आम्हाला लवकर मोकळे करा आणि शांततेच्या काळातली बरी नोकरी द्या. त्या उठावाच्या वर्णनांत ही ओळ बहुधा गळते. वीस-बावीस वर्षांच्या त्या पोरांच्या दृष्टीने ती काही लहानसहान मागणी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर दोन वाटा रुंदावल्या. एक वाट पहाऱ्याची. फेब्रुवारी १९४७ मध्ये मथुरेला संरक्षण खात्याच्या पहाऱ्यासाठी एक दल उभे राहिले. तेच पुढे 'डिफेन्स सिक्युरिटी कोअर' झाले आणि त्याचे केंद्र केरळात कण्णूरला गेले. पेन्शनीत निघालेल्या जवानाने त्यात पुन्हा नाव नोंदवायचे, पुन्हा गणवेश चढवायचा आणि कोठारे, कारखाने, विमानतळ यांच्या फाटकावर उभे राहायचे. दुसरी वाट फाटकाच्या आतली, कारखान्यातली. महाराष्ट्रात ही वाट विशेष मोठी, कारण कारखानेच जास्त. खडकीला दोन, अंबरनाथला दोन, शिवाय भुसावळ, वरणगाव, भंडारा, चांदा, नागपूरजवळ अंबाझरी, आणि १९८४ मध्ये देहूरोड. एकूण दहा. वरणगाव, भंडारा, अंबाझरी हे १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या घाईत आलेले. भुसावळ-वरणगावच्या पट्ट्यात आणि भंडाऱ्याला या कारखान्यांनी गावाची घडीच बदलली. वसाहत, शाळा, दवाखाना, बाजाराचा दिवस, सगळे कारखान्याच्या पगाराच्या तारखेभोवती फिरू लागले.

हवालदारांच्या बायकोचे न हसणे कशामुळे होते, ते मला मोठेपणी कळले. कारण साधे होते, पैशाचे. पेन्शनर सरकारी नोकरीत पुन्हा लागला की त्याची पेन्शन हिशोबात धरून पगार ठरवत. पेन्शनीतली एक लहानशी रक्कम सोडून द्यायची, बाकीची पगारातून वजा. म्हणजे पंधरा-वीस वर्षे नोकरी करून मिळवलेली पेन्शन एका हाताने द्यायची आणि दुसऱ्या हाताने पगारातून काढायची. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या साध्या कामगाराच्या आणि हवालदारांच्या पाकिटात त्यामुळे फारसा फरक पडत नसे. त्यांची वीस वर्षे जणू हिशोबातून पुसली जात. सोडून द्यायची ही रक्कम अधूनमधून वाढत गेली, आणि अधिकारी दर्जाखालच्या सैनिकांची पूर्ण पेन्शन हिशोबाबाहेर ठेवायचे ठरले ते १९८३ मध्ये. हवालदार तोवर कारखान्यातूनही निवृत्त झाले होते.

१९७९ मध्ये माजी सैनिकांच्या केंद्रीय नागरी सेवांतल्या फेरनोकरीचे नियम झाले. क वर्गात दहा टक्के आणि ड वर्गात वीस टक्के जागा. त्यात एक तरतूद पुढे आली तिचे मला नेहमी कौतुक वाटते. मॅट्रिक झालेला आणि पंधरा वर्षे फौजेत काढलेला माणूस, तांत्रिक पदे वगळता, पदवी लागणाऱ्या क वर्गाच्या जागेला पात्र धरायचा. पंधरा वर्षांच्या पलटणीला पदवीइतकी किंमत कोणीतरी कागदावर लिहून दिली, हे काही थोडे नाही. रामजी सुभेदारांसारखा लष्करी शाळेचा मुख्याध्यापक अशा नियमाखाली कुठे पोचला असता, असा विचार मनात येतो. असो.

टक्केवारी लिहिली म्हणजे जागा भरतात असे मात्र नाही. राखीव जागा रिकाम्या राहतात अशी तक्रार माजी सैनिकांच्या मेळाव्यांत वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. त्याचे एक कारण लबाडीचे असेल, पण एक कारण भाषेचेही आहे. फौजेतला माणूस आपले काम फौजेच्या शब्दांत सांगतो. 'गनर', 'क्यू.एम. स्टोअर', 'एम.टी. एन.सी.ओ.' हे शब्द मुलाखत घेणाऱ्याला कळत नाहीत. त्याचा अर्थ असतो अचूक मोजमाप करणारा, शंभर माणसांचे कोठार सांभाळणारा, वीस गाड्यांची देखभाल बघणारा. डिस्चार्ज बुकात दोन ओळींत लिहिलेल्या त्या आयुष्याचे भाषांतर कोणी करायचे? आमच्या हवालदारांचे ते नशिबाने झाले, कारण त्यांचा वरिष्ठ अधिकारी स्वतः माजी सैनिक होता. त्याने बुकातली 'आर्टिलरी' वाचली आणि त्यांना कोठारावर घेतले. दुसरा कोणी असता तर माळ्याचे काम मिळाले असते. माळ्याचे काम वाईट नव्हे, पण लॉट नंबरांची पारख वाया गेली असती.

या इतिहासाला अलीकडे दोन वळणे मिळाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित झाले आणि कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याची कंपनी 'म्युनिशन्स इंडिया', तिचे मुख्यालय पुण्यात. कारखान्यातली सरकारी नोकरी ही जी पेन्शनरांची जुनी वाट होती तिचे रूप त्यामुळे बदलले. दुसरे वळण जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' योजनेचे. साडेसतरा ते एकवीस वयातली मुले चार वर्षांसाठी घ्यायची, त्यांतली जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवायची आणि बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही. योजना जाहीर झाली त्याच आठवड्यात संरक्षण मंत्रालयाने सांगितले की तटरक्षक दल, संरक्षण खात्यातल्या नागरी जागा आणि सोळा संरक्षण उपक्रम यांत अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा राखू.

कमी मुदतीची नोकरी आपल्याला अगदी नवी नाही. १९६० च्या दशकापर्यंत पुष्कळ जवान सात वर्षांनी राखीव दलात जात आणि तिशीच्या आत गावी परत येत. नंतर ती मुदत वाढत पंधरा वर्षांच्या वर गेली. पण तेव्हा परतणाऱ्या पोराला निदान थोडी शेती होती. आज सातारा, सांगली, कोल्हापूर, बुलढाण्याकडे भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलांच्या घरची शेती वाटण्या होऊन किती उरली आहे ते आपण जाणतो. पेन्शनर हा मध्यम वयाचा, मुले कॉलेजात असलेला गृहस्थ. हा मात्र पंचविशीचा असेल. पेन्शनीच्या आधाराशिवाय, आणि पदवीच्या बरोबरीला धरलेली ती पंधरा वर्षे गाठीला नसताना तो कारखान्याच्या फाटकाशी येईल. भूदलातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशोब २०२६ च्या अखेरीला पुरा होतो. त्यांच्या हातात जो कौशल्याचा दाखला असेल त्यावर काय लिहिलेले असेल आणि समोरच्या टेबलावर तो वाचता येणारा कोणी बसलेला असेल का, हे मी माझ्या परीने शोधतो आहे.

हवालदारांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाने मागे मला त्यांची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. वर कारखान्याचा बिल्ला होता, त्याखाली डिस्चार्ज बुक, आणि तळाशी हाताने आखलेली एक वही. त्यात १९६५ च्या सप्टेंबर महिन्यातल्या ओळी होत्या. तारीख, पेट्यांची संख्या, आणि प्रत्येक ओळीत दोनदा तपासल्याच्या दोन खुणा. सुट्टीचा रकाना पहिल्या आठवड्यानंतर कोराच होता.